सूर-सवाल : झालरीच्या बाह्यांचा तो बँड

प्रश्न : परवा घरात सगळ्यांनी मिळून 'अलबेला' पुन्हा पाहिला. 'दीवाना परवाना' या गाण्यात झालरीच्या बाह्या घातलेले वादक दिसतात. काका म्हणतात, ते एक्स्ट्रा नव्हेत, तो खरा बँड होता आणि ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. मला ही शुद्ध थाप वाटते. खरं काय? आणि बँड खरा असेल, तर त्याचं पुढे काय झालं?
— एक वाचक, मिरज

उत्तर : काकांची माफी मागा आणि त्यांना चहा पाजा. बँड खरा, ताजही खरं. पडद्यावर दिसतात ते चिक चॉकलेट आणि त्यांची मंडळी.

असल्या नावाचा माणूस म्हटल्यावर सर्कशीतला विदूषक डोळ्यांपुढे येतो. बाप्तिस्म्याचं नाव मात्र भारदस्त होतं, आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ चा, गाव गोव्याच्या बार्देश तालुक्यातलं हळदोणे. गोव्यात पोर्तुगीज अमलापासून चर्चच्या शाळेत पोरांना संगीत शिकवायची पद्धत होती, आणि ते शिकवणं कानावर नव्हे, कागदावर चाले. आधी सोल्फेज. म्हणजे पाच रेघांवरचे ठिपके वाचत दो-रे-मी म्हणायचं आणि हाताने मात्रा मोजायच्या. वाद्य त्यानंतर. मी स्वतः धोबीतलावच्या एका गोवेकर सरांकडे ट्रम्पेट शिकलो, तेव्हाही हाच शिरस्ता होता. ट्रम्पेट पेटीत बंद, पुस्तक समोर, आणि सर पेन्सिलीने टेबलावर चार मात्रा ठोकत बसलेले. वैतागून विचारलं, "सर, वाजवायचं कधी?" उत्तर आलं, "पयलें वाचूंक शिक."

या वाचण्यावर गोवेकरांनी अर्धं जग पादाक्रांत केलं असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही. संस्थानिकांचे बँड, रेल्वेच्या इन्स्टिट्यूट, बोटी, रंगूनपासून मसुरीपर्यंतची हॉटेलं, जिथे साहेबाला नाचायचं असे तिथे कागद वाचणारा माणूस लागे, आणि तो बहुतेक वेळा साष्टी-बार्देशातला निघे. मुंबईत ही मंडळी धोबीतलावच्या कुडांत उतरत. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. एक खोली, भिंतीलगत ट्रंका, कोपऱ्यात वेदी आणि संध्याकाळी सामायिक प्रार्थना. जेर महालच्या जिन्यांवर असे कूड अजून आहेत.

पण वाचता येणं निराळं आणि जॅझ वाजवता येणं निराळं. जॅझमधलं निम्मं तर कागदावर नसतंच. तो भाग गोवेकरांना शिकवला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी, आणि तोही आपल्या मुंबईत. १९३५ च्या हिवाळ्यात व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी आपला बँड घेऊन ताजमध्ये आले. त्यांच्यामागून ट्रम्पेटवाले क्रिकेट स्मिथ आणि पियानोवाले टेडी वेदरफोर्ड आले. मायदेशात ज्या हॉटेलात वाजवायचं तिथेच खोली मिळायची नाही, असे ते दिवस. इथे किमान मानाने वाजवता येत होतं. या मंडळींच्या बँडमध्ये खुर्च्या रिकाम्या झाल्या की गोवेकर बसत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड असेच क्रिकेट स्मिथ यांच्या शेजारी बसून तयार झाले. सूर किंचित मागे रेंगाळत कसा सोडायचा, घशातून गुरगुर काढत ट्रम्पेट कसा फुंकायचा, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. वेदरफोर्ड पुढे कलकत्त्याला गेले आणि १९४५ मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारले.

चिक याच हवेत घडले. आवाज खरखरीत, हातात पांढरा रुमाल, समोर लुई आर्मस्ट्राँगचा आदर्श. 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' ही पदवी त्यांना तेव्हाच चिकटली. मला ती फारशी रुचत नाही. कौतुक आहे खरं, पण त्यात माणूस जन्मभर दुसऱ्याच्या सावलीत उभा राहतो, आणि मग त्याचं स्वतःचं वाजवणं ऐकायचे कष्ट कुणी घेत नाही.

त्यांच्या बँडचं नाव 'म्युझिक मेकर्स'. दहा-अकरा जणांचा ताफा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत तो ताजमध्ये वाजवू लागला. (तिथे मिकी कोरिया यांचाही बँड होता, १९३९ पासून तब्बल दोन दशकं. हॉटेलं तेव्हा बँडवर पैसा टाकत.) कोलंबियाच्या लेबलवर चिक यांच्या काही तबकड्याही निघाल्या. पण मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्या घेणाऱ्या तेव्हाच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. जॅझचा बँड रात्री खुलला की एकच चाल दहा मिनिटंसुद्धा खेळवतो. त्यातलं तीन मिनिटांत काय येणार?

मग १९४७ उजाडलं. नाचणारा साहेब बोटीत बसला, संस्थानिकांचे खर्च आटले, आणि १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. परमिट असेल त्यालाच प्याला, म्हटल्यावर रात्रीची गिऱ्हाइकं रोडावली. गिऱ्हाईक नाही तर बँड कशाला? पोट तर भरायला हवं. नेमकं त्याच सुमारास आपल्या पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र ऊर्फ अण्णा, हिंदी सिनेमात नव्या आवाजाच्या शोधात होते. १९४७ च्या 'शहनाई'त त्यांनी 'मेरी जान संडे के संडे' वाजवून दाखवलंच होतं. १९५० ला 'समाधी'तलं 'गोरे गोरे' आलं आणि १९५१ ला 'अलबेला'. चिक त्यांचे सहाय्यक. अण्णांची चाल, राजेंद्र कृष्ण यांचे शब्द, नाचायला भगवानदादा, आणि मागे ताजच्या नाचघरातून आलेली ब्रास, म्हणजे ट्रम्पेटसारखी पितळी फुंकवाद्यं. दादरच्या चाळीत वाढलेल्या पोराने ताजची पायरी चढली नसली, तरी ताजचा बँड त्याने चार आण्यांच्या तिकिटात ऐकला.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. बँड बुडाला नाही, विरघळला. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल, अशा दोन पाळ्या ही मंडळी करत. हळूहळू दिवसाची पाळी रात्रीची भाकर देऊ लागली. स्टुडिओत एका गाण्याला साठ वादक लागोत नाहीतर सहा, बोलावणं एकेकट्याला येई, अख्ख्या बँडला नाही. आज इथे, उद्या तिथे. ज्यांनी वर्षानुवर्षं एकमेकांच्या श्वासावर वाजवलं, ते आता निरनिराळ्या रेकॉर्डिंगला निरनिराळ्या रांगेत बसू लागले. लहान बँड असाच संपतो. भांडण नाही, घोषणा नाही, तालमीला जमणं तेवढं बंद होतं. रॉक-अँड-रोल आलं म्हणून जॅझ मेलं, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. मुंबईत त्याआधीच फिल्मवाल्यांनी वादक पळवले होते, आणि चांगल्या पैशाने पळवले, हेही कबूल केलं पाहिजे.

चिक यांनी 'नादान', 'रंगीली', 'कर भला' अशा काही चित्रपटांना स्वतःही संगीत दिलं. ते फार चाललं नाही. मदनमोहन यांच्याकडेही ते सहाय्यक होते. १९६७ मध्ये गेले. वय जेमतेम पन्नाशीचं. त्याच्या आदल्याच वर्षी आलेल्या 'आखरी खत'मध्ये 'रुत जवाँ जवाँ' हे खय्याम यांचं गाणं आहे. नाइट क्लबचा प्रसंग, भूपिंदर स्वतः पडद्यावर गातात, आणि ट्रम्पेट वाजवताना दिसतात ते चिक. काकांना तेही दाखवा.


प्रश्न : या वादकांची नावं सिनेमाच्या श्रेयनामावलीत का नसत? संगीतकार फक्त चाल गुणगुणायचा आणि बाकी सगळं गोवेकर करायचे, हे खरं आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरा प्रश्न हल्ली फार कानावर येतो, आणि तो अर्धवट आहे. चाल ही सोपी गोष्ट नाही. ज्यांना वाटतं ती सोपी आहे, त्यांनी एक करून दाखवावी.

काम कसं चाले ते सांगतो. सिटिंगला, म्हणजे चाल बांधायच्या बैठकीला, संगीतकार पेटी घेऊन बसत. शेजारी सहाय्यक. तो चाल ऐकता ऐकता पाच रेघांवर उतरवून घेई. मग गाण्याआधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मधला पीस कोणता, गायिकेच्या ओळीखालून व्हायोलिनांचा ऑब्लिगाटो, म्हणजे सोबतची निराळी सुरावट, कशी सरकेल, हे ठरे. काही संगीतकार हे पीससुद्धा स्वतः गाऊन दाखवत, काही "इथे कायतरी टाक" म्हणून मोकळे होत. दोन्ही प्रकार होते. सहाय्यक रात्री बसून प्रत्येक वाद्याचा पार्ट वेगळा लिहून काढे. त्यातही गंमत अशी की, ट्रम्पेटचा 'सा' आणि व्हायोलिनचा 'सा' कागदावर एका जागी नसतो. बी-फ्लॅट ट्रम्पेटला सगळं एक सूर वर चढवून लिहावं लागतं. एका पार्टात चूक झाली की सकाळी पन्नास माणसं खोळंबत, कारण तेव्हा गायक-वादक एकत्रच रेकॉर्ड होत. एक जण चुकला की सगळे पुन्हा.

शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा, अनेकांकडे अँथनी गोन्साल्विस, अण्णांकडे चिक, जॉनी गोम्स. 'ईना मीना डीका'तलं 'माका नाका' हे या गोम्स यांच्या तोंडून आलेलं कोंकणी, 'मला नको' या अर्थाचं. माजोर्ड्याच्या गोन्साल्विस सरांचं नाव १९७७ साली घरोघर पोचलं, पण ते त्यांच्या शिष्याने, म्हणजे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलाल यांनी, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात घातलं म्हणून. बाकीच्यांना एवढंही लाभलं नाही. रोख पैसे, पाकीट, घरी. नाव छापायची रीत नव्हती आणि मागायचीही नव्हती. याचा मला राग येतो, लपवत नाही. आमच्या काळच्या ऑर्केस्ट्रातसुद्धा निवेदक गायकाचं नाव तीनदा घेई आणि ब्रासवाल्यांना "आणि आमचे साथीदार" म्हणून गुंडाळी.


प्रश्न : मला शास्त्रीय संगीत थोडंफार कळतं, जॅझ अजिबात नाही. जुन्या हिंदी गाण्यात जॅझ आहे हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : शास्त्रीय कळतं ना, मग तुमचं अर्धं काम झालंय. गायकाकडे लक्ष देऊ नका. (पहिल्यांदा फार जड जाईल, आवाज लताबाईंचा असेल तर विशेष.) तळाशी डबल बास ऐका. धीरगंभीर 'बुम-बुम-बुम-बुम', प्रत्येक मात्रेला एक आणि प्रत्येक वेळी वेगळा सूर, जिना चढावा-उतरावा तसा. तो पायाखाली असला की वर काहीही चालतं.

मग टाळी बघा. आपल्याकडे वजन समेवर येतं, चार मात्रांत पहिलीवर. जॅझमध्ये ड्रमवाला दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर झांज बंद करतो, तिथे चटका बसतो. आपले श्रोते उत्साहात पहिली-तिसरीवर टाळ्या देतात आणि स्टेजवरच्या ड्रमरचा जीव मेटाकुटीला येतो. ती गत माझ्या डोळ्यांदेखत अनेकांची झाली आहे.

तिसरी खूण ट्रम्पेटचा म्यूट. कर्ण्याच्या तोंडात धातूचा बोंडासारखा तुकडा बसवला की आवाज बारीक, नाकातला, जरा खट्याळ होतो. तोच रबरी टोपी हाताने उघडझाप करत वाजवला की 'वा-वा' असा बोलू लागतो. नाइट क्लबचा प्रसंग आला की हा आवाज येणारच, इतका तो ठरून गेला होता.

निरर्थक अक्षरं गाण्याला जॅझमध्ये स्कॅट म्हणतात. आर्मस्ट्राँगच्या १९२६ मधल्या एका तबकडीने ते लोकप्रिय केलं. तुम्हाला तराणा ठाऊक असल्याने यात नवल वाटणार नाही. 'ईना मीना डीका' किंवा 'शिन शिनाकी बूबला बू' ऐकताना या दोन्ही गोष्टी अण्णांच्या डोक्यात एकाच वेळी असाव्यात, असं मला नेहमी वाटतं.

एक सावधगिरी. बोंगो-कोंगा ऐकू आला म्हणून जॅझ म्हणू नका. तो लॅटिन अमेरिकेचा माल. 'शोला जो भड़के' त्याच गोतातलं. ही वाद्यं आपल्या सिनेसंगीतात रुजवली ती कावस लॉर्ड या पारशी तालवादकाने, आणि ताजच्या बँडवाल्यांना ती परकी नव्हती, कारण नाचघरात फॉक्सट्रॉटनंतर रुंबा हा क्रमच असे. म्हणून सगळं एकमेकांत मिसळलं.

आणि जे ऐकू येणार नाही, तेही सांगून ठेवतो. जॅझचा गाभा म्हणजे सोलो. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकाने त्याच बत्तीस बारांच्या (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) आवर्तनावर मनाला येईल तसं खेळायचं, पुन्हा सगळ्यांनी चालीवर यायचं. ख्यालात बंदिश आणि विस्तार असतो, तसाच मामला. सिनेमाच्या गाण्यात या खेळाला जागा नव्हती. मधला पीस वीस सेकंदांचा, तोही लिहून दिलेला, आणि दुसऱ्या टेकला तसाच्या तसा यायला हवा. म्हणजे चिक यांच्यासारख्यांचा आवाज सिनेमाने जपला, पण त्यांची उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं, जपली नाही. ती रात्रीच्या पाळीला वाजली, आणि तिथे कुणी मशीन लावलं नव्हतं. 'म्युझिक मेकर्स'चा इतिहास लिहायचा म्हटलं तर ही सगळ्यात मोठी पोकळी आहे.


प्रश्न : आज मुंबईत असे छोटे बँड ऐकायला मिळतात का?
— एक वाचक, कल्याण

उत्तर : मिळतात. नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राचा कार्यक्रम बघत राहा. तिथे जॅझ नेमाने असतं. ३० एप्रिलला आंतरराष्ट्रीय जॅझ दिन असतो, त्या सुमारास शहरात एरवीपेक्षा जास्त काही होतं. पूर्वी धोबीतलावचं रंगभवन होतं, वर आभाळ, बसायला पायऱ्या. निरंजन झवेरी यांनी १९७८ साली 'जॅझ यात्रा' सुरू केली, तेव्हा सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवाला मुंबईत येऊन वाजवून गेला. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनातले जलसे अडकले. नियमाचं कारण मला समजतं, बाजूला हॉस्पिटलं आहेत. तरी त्या गल्लीतून जाताना चुटपुट लागते.


प्रश्न : आजोबांचा ट्रम्पेट माळ्यावर सापडला. ते एका बँडमध्ये वाजवायचे. बटणं घट्ट बसली आहेत, फुंकायचा भाग निघत नाही, सगळा काळा पडला आहे. चिंचेने घासू का? आणि हा वाजेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चिंच लावू नका. पितळी समई आणि ट्रम्पेट यांत फरक आहे. ट्रम्पेटवर चांदीचा मुलामा किंवा लॅकर, म्हणजे पारदर्शक रोगण, असतं, ते आंबटाने डागाळतं.

माउथपीस पक्कडीने ओढू नका, नळी पिळवटेल. दुरुस्तीवाल्याकडे माउथपीस काढायचं खास शिकंजं असतं, दोन मिनिटांचं काम. बटणं म्हणजे पिस्टन. जोर न लावता वरच्या झाकणापाशी आणि खालून पातळ तेलाचे थेंब सोडा आणि रात्रभर ठेवा. खोबरेल नको, ते थिजतं. शिलाई मशीनचंही नको, ते जाड पडतं. वाद्यांच्या दुकानात व्हॉल्व्ह ऑइल मागा. एवढं करून हललं नाही तर थांबा आणि कारागिराकडे न्या. ठोकाठोकी केलीत तर पिस्टनची भिंत दबेल आणि मग तो कायमचा गेला.

पिस्टन निघाले, तर प्रत्येकावर १, २, ३ असे आकडे कोरलेले दिसतील. ज्याची जागा त्यालाच. अदलाबदल झाली तर हवा अडते आणि माणसाला वाटतं वाद्य मेलं. आतून धुवायला कोमट पाणी आणि सौम्य साबण. उकळतं पाणी ओतलंत तर लॅकरचे पापुद्रे निघतील. मधल्या पिस्टनच्या नळकांड्यावर बहुधा क्रमांक असतो, तो आणि कर्ण्यावर कोरलेलं कंपनीचं नाव लिहून घ्या, वय साधारण कळेल.

वाजेल का? नळीला भोक नसेल आणि पिस्टन हलले, तर वाजेल. पाणी सोडायच्या चिमटीखालचं बूच मात्र नक्की वाळून गेलेलं असणार. ते बदलून घ्या, नाहीतर हवा तिथूनच निसटेल. पेटीच्या अस्तराखालीही एकदा हात घालून बघा. जुने वादक तिथे पार्टाचे कागद खुपसून ठेवत. सापडले तर झेरॉक्स मला पाठवा, मूळ कागद तुमच्याकडेच ठेवा.